खिडकीताई आणि दाराचं कुलूप

खिडकीताईंचं खरं नाव शाळेच्या पगारपत्रकात तेवढं उरलं होतं. बाकी शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळ्यांच्या तोंडी त्या खिडकीताईच. नवीन पालकांना वाटे, या बाई दिवसभर खिडकीपाशी बसत असतील. तसं काही नव्हतं. विशेष मुलांच्या या शाळेत समुपदेशक म्हणून येण्याआधी त्यांची उमेदीची वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, तक्रारखिडकीवर गेली होती.

त्या खिडकीवर माणसं यायची ती तोंडाचा पट्टा सोडूनच. शेजारच्या टेबलावरचा कारकून अरेला कारे करायचा आणि संध्याकाळी घसा धरून घरी जायचा. ताईंची रीत वेगळी. त्या समोरच्याला आधी बसायला लावायच्या आणि म्हणायच्या, "पाणी कधीपासून नाही ते नंतर सांगा. आज काय झालं ते आधी सांगा." कारण त्यांच्या लक्षात आलं होतं की पाणी बंद झालं त्या दिवशी कुणीच भांडायला येत नाही. माणूस येतो तो दुसरंच काहीतरी सहन होईनासं झालं की. कुणाची सासू अंथरुणाला खिळलेली असे, कुणाकडे पाहुणे उतरलेले असत, कुणाचा नवरा सकाळी काहीबाही बोललेला असे. ते सगळं सांगून झालं की पाण्याची तक्रार दोन ओळींत आटपायची.

एकदा एक आई अगदी रडकुंडीला येऊन खिडकीशी उभी राहिली. पाण्याची वेळ सकाळची होती, ती दुपारची केली होती. तिच्या मुलाला उठल्या उठल्या नळाखाली अंघोळ लागे. नळ कोरडा दिसला की तो भिंतीवर डोकं आपटायचा.

"बादलीत भरून ठेवलं तर?" ताईंनी विचारलं.

"बादली नाही चालत हो. नळातून पाणी पडताना दिसायला हवं त्याला."

ताईंनी जरा विचार केला. "मग एका पिंपाला खाली तोटी बसवून घ्या. पिंप उंच स्टुलावर ठेवायचं. तोटी सोडली की धार पडणार. त्याला धारेशी मतलब, ती कुठून येते याच्याशी नाही."

त्या आईचं रडणं थांबलं. आणि तिच्या मागे रांगेत शाळेच्या टाकीची तक्रार घेऊन उभ्या असलेल्या बाई तर आपली तक्रारच विसरल्या. त्या विशेष शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि ते मूल त्यांच्याच शाळेतलं होतं.

"तुम्ही इथे काय करताय?" त्यांनी विचारलं.

"नोकरी," ताई म्हणाल्या.

"चुकीच्या खिडकीत बसून करताय."

हे बोलणं ताईंनी हसण्यावारी नेलं, पण ते कानातून जाईना. घरी विषय काढला. त्यांचे यजमान पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवण्याचं काम करायचे. बाहेरच्या खोलीतच त्यांचं मशिन होतं. पाय न थांबवता ते म्हणाले, "अगं, शिव्या इथेही खायच्या आणि तिथेही. मग जिथे खाल्लेल्या अंगी लागतील तिथे खा की." सासूबाईंनी मात्र नाक मुरडलं. "चाळिशी आली सूनबाई, आता पाटी-दप्तर घेऊन जाणार?" पण ताईंनी संध्याकाळच्या अभ्यासक्रमात नाव घातलं, तेव्हा परीक्षेच्या दिवसांत भाजी निवडता निवडता त्यांच्याकडून उत्तरं घोटून घेणाऱ्या सासूबाईच होत्या. उत्तर बरोबर की चूक हे त्यांना अजिबात कळत नसे. सून अडखळली की त्या नुसतं "हं?" म्हणायच्या, आणि तेवढ्याने ताईंना पुढचं आठवायचं.

शाळेतलं पहिलं वर्ष मात्र सोपं गेलं नाही. पहिल्याच महिन्यात एका पोराने दंडाचा असा चावा घेतला की ताई स्वच्छतागृहात जाऊन रडल्या. चाव्यापेक्षा अपमान जास्त झोंबला होता. खिडकीवर कुणी कितीही तापलेला असला तरी मध्ये एक काच असायची. इथे काच नव्हती. पण हळूहळू त्या रुळल्या. सकाळी मुलं गाड्यांतून उतरताना त्या फाटकात उभ्या राहू लागल्या. कोण उतरताना पाय आपटतंय, कुणाच्या शर्टाची गुंडी उलटसुलट लागलीय, कुणाची आई नजरेला नजर देत नाही, हे तिथेच कळायचं. मग दिवसभर कुठल्या वर्गात कधी डोकवायचं याचा अंदाज बांधता यायचा.

त्यांची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. खाली जाड सतरंजी, दोन ठेंगण्या खुर्च्या, मांडीवर घ्यायच्या वाळूच्या पिशव्या, एक पाण्याचं घंगाळ आणि यजमानांनी शिवून दिलेले गडद पडदे. भिंती मुद्दाम कोऱ्या ठेवलेल्या. दुपारी मुलं वर्गात असताना त्या खोलीत पालक यायचे. एक वडील तर सुरुवातीला फक्त आपल्या स्कूटरच्या इंजिनाबद्दल बोलायचे. ताई तेही ऐकून घ्यायच्या. तिसऱ्या-चौथ्या भेटीत इंजिनावरून गाडी मुलावर आली, आणि मग तो गडी दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला.

असं बरं चाललं होतं. मग छकुली आली.

नाव छकुली, पण अंगापिंडाने चांगली थोराड. तेरा वर्षांची पोर, पण उंची वर्गशिक्षिकेच्या वर आणि हाताला पैलवानाची ताकद. बोलणं जेमतेम चार-दोन शब्दांचं. आई इस्पितळाच्या धुलाईघरात पाळीवर काम करायची, वडील मालट्रक घेऊन लांब लांब जायचे, त्यामुळे तिचं सगळं आजोबाच बघायचे. छकुली हे नाव त्यांनीच ठेवलेलं, आणि नात त्यांच्या डोक्याच्या वर गेली तरी त्यांनी ते बदललं नव्हतं.

दिवसभर ही मुलगी म्हणजे गरीब गाय. मणी ओवायची, रंगांच्या चकत्या लावायची, आपलं ताट आपण उचलून ठेवायची. पण घरी जायची वेळ झाली आणि बाई "चला, गाडी आली" म्हणाल्या की तिच्यात कुठलं वारं शिरायचं कोण जाणे. ती वर्गाच्या दारातच पाय रोवून उभी राहायची. हाताला धरलं तर किंचाळायची. ओढलं तर समोर येईल त्याला ढकलायची. रोज दोघी-तिघींना मिळून तिला गाडीत चढवावं लागे, आणि तोवर बाकीची मुलंही घाबरून रडायला लागत.

वर्गशिक्षिका तरुण होती. नुकतीच शिकून आलेली, हौसेने काम करणारी. एक दिवस छकुलीने तिचा हात असा पिरगळला की मनगट सुजलं. पट्टी बांधलेल्या हाताने ती ताईंच्या खोलीत आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "ताई, मला भीती वाटायला लागलीय. दुपार झाली की मी घड्याळाकडेच बघत राहते. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मी परत येईन असं वाटत नाही."

ताईंनी तिला बसवलं, चहा मागवला. भिऊ नकोस असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. चावलेला दंड त्या अजून विसरल्या नव्हत्या.

"भीती वाटणारच," त्या म्हणाल्या. "मला थोडे दिवस दे. तोवर घरी जायच्या वेळी मी तुझ्या वर्गात असेन."

आणि त्या कामाला लागल्या. आधी त्यांना वाटलं, गाडीच्या आवाजाने हे होत असेल. गाडीचं इंजिन खरंच कर्कश होतं. म्हणून त्यांनी कान झाकायची जाड टोपणं आणली. छकुलीने ती शांतपणे घालून घेतली, गाडीपर्यंत ओढत नेल्यावर काढली आणि गाडीवाल्या काकांच्या कानांवर चढवली. काका बिचारे घाबरून हललेच नाहीत. मग ताईंना वाटलं, तिला गर्दीचा त्रास होत असेल. तिला सगळ्यांच्या आधी न्यायचं ठरलं. त्या दिवशी तर तिने दाराची चौकट अशी धरली की बोटं सोडवता सोडवता सगळ्यांना घाम फुटला. मग वाटलं, घरीच काही डाचत असेल. आईला बोलावलं, हळूच विचारून पाहिलं. आईचा चेहरा कसनुसा झाला. "घरी तर ती उड्या मारत येते हो," ती म्हणाली. ताईंना आपलीच लाज वाटली.

"तुमच्या कल्पना संपल्या की सांगा," वर्गशिक्षिका एकदा वैतागून बोलून गेली. बोलल्यावर लगेच ओशाळली, पण ताईंना ते लागलं. कारण कल्पना खरंच संपत आल्या होत्या. मुख्याध्यापिकाही मवाळ बाई, पण इतर पालकांचे निरोप यायला लागले होते. "खिडकीताई, नाहीच जमलं तर तिला जेवणापर्यंतच ठेवू या," त्या म्हणाल्या. अर्धा दिवस शाळा म्हणजे आजोबांना उरलेला अर्धा दिवस एकट्याने तिला सांभाळणं आलं, हे ताईंना कळत होतं.

त्या दिवसांत घरीही त्यांचं लक्ष लागेना. एकदा सासूबाई चष्मा शोधत होत्या, तो त्यांच्याच कपाळावर होता. ताई त्यांच्यावर खेकसल्या. सासूबाईंनी चष्मा नाकावर ओढला आणि म्हणाल्या, "जगाची पोरं सांभाळतेस, आणि घरातल्या म्हाताऱ्या पोराला ओरडतेस होय?" यजमान मशिनवरून फिसकन हसले. ताईंनाही हसू आलं, आणि किती तरी दिवसांनी त्या पोटभर जेवल्या.

शेवटी त्यांनी ठरवलं, आपण घर बघून यायचं. विचारपूस करायला नाही, नुसतं बसायला.

सुट्टीच्या दिवशी दुपारी त्या गेल्या. दोन खोल्यांचं घर, जिन्याखालून वाट. आई कामावर गेलेली, आजोबांनी दार उघडलं. काटक, पांढऱ्या मिशीचे. कधीकाळी एका मोठ्या गोदामाचे राखणदार होते, हे त्यांनी चहा उकळायच्या आत सांगून टाकलं. छकुली जमिनीवर बसून बरण्यांची झाकणं लावत होती. ताईंना बघून तिने एक झाकण त्यांच्याही हातात दिलं. ताई पण खाली बसल्या. बराच वेळ दोघी झाकणंच लावत होत्या. शाळेत तिघींना न आवरणारी पोर हीच, हे सांगून खरं वाटलं नसतं.

निघायची वेळ झाली. ताईंना वाटलं, आता बघू, कुणी निघालं की हिचं काय होतं ते. पण काहीच झालं नाही. "चल गं, ताईंना कोपऱ्यापर्यंत पोचवू," आजोबा म्हणाले, तशी छकुलीने आपणहून चपला घातल्या. सगळे बाहेर आले. आजोबांनी दार ओढून कुलूप लावलं आणि बाजूला झाले. छकुली पुढे आली. तिने कुलूप धरून ओढून पाहिलं. पुन्हा ओढलं. मग तळहात दारावर टेकवला, जरा वेळ तसाच ठेवला, आणि स्पष्ट म्हणाली, "झालं."

आणि टुणटुण उड्या मारत पुढे निघाली.

ताई पायरीवरच थबकल्या. "आजोबा, हे रोज असंच?"

"हे होय? लहानपणापासून. मला गोदामाची खोड, कुलूप ओढून बघितल्याशिवाय पाय निघत नाही. ही कडेवर असायची, तिनेही तेच उचललं. आता तिचा हात लागल्याखेरीज आम्हाला घराबाहेर पडता येत नाही. एकदा तिची आई घाईत दार नुसतं लोटून निघाली, तर ही जी बसली इथे फतकल मारून! शेवटी मागे येऊन कुलूप लावलं, तेव्हा उठली." आजोबा हसले, आणि ताईंचा चेहरा बघून गंभीर झाले. "का हो? काही चुकलं का?"

ताईंनी कपाळावर हात मारला. त्यांच्या डोळ्यांपुढे शाळेतला वर्ग उभा राहिला. मुलं निघाली की मावशी झाडायला यायच्या, म्हणून त्या वर्गाचं दार रोज सताड उघडं टाकून सगळे निघायचे. छकुली पाय रोवून उभी राहायची ती नेमकी त्या दारात. चौकट धरायची ती त्या दाराची. आणि आपण कसले शहाणे, गाडीचं इंजिन ऐकत बसलो!

"तुमचं काही चुकलं नाही, आजोबा," त्या म्हणाल्या. "आम्हीच रोज घर उघडं टाकून तिला चल म्हणतोय."

दुसऱ्या दिवशी ताईंनी वर्गशिक्षिकेला सगळं सांगितलं. ती विश्वास ठेवावा की नाही अशा नजरेने बघत राहिली. दार लावून बघायला काय जातंय, असं म्हणून तयार झाली इतकंच. गाडी आली. मुलं बाहेर पडली. ताईंनी छकुलीला म्हटलं, "दार लाव."

छकुली त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने दार ओढलं, कडी घातली, कडी ओढून पाहिली. तळहात टेकवला. "झालं," म्हणाली आणि गाडीकडे चालू लागली. आपली आपण, कुणाचा हात न धरता. वर्गशिक्षिकेने तोंडावर हात ठेवला. पण तेवढ्यात एका पोराची पाण्याची बाटली आत राहिली म्हणून कुणीतरी कडी काढली, आणि छकुली गाडीच्या पायरीवरून धावत परत आली ती आकांत करतच. त्या दिवशीही तिला ओढूनच न्यावं लागलं.

पण आता कुठे दुखतंय ते कळलं होतं. ताईंनी मुख्याध्यापिकांकडून कुलूप-किल्ली मागून घेतली. मावशींना सांगून हा वर्ग झाडायचा सगळ्यात शेवटी ठेवला, गाडी गेल्यानंतर. बाटल्या, डबे, टोप्या बाहेरच्या बाकावर आधीच काढून ठेवायची सवय सगळ्या वर्गाला लावली. कुलूप वर्गशिक्षिकेने लावायचं आणि छकुलीने ओढून बघायचं, अशी वाटणी झाली. काही दिवसांतच छकुलीने किल्लीही आपल्याकडे घेतली. ती कशी घेतली हे कुणालाच कळलं नाही. एक दिवस ती तिच्या हातात होती, एवढं खरं.

आणि मग एके दिवशी छकुलीने मुख्याध्यापिकांनाच कोंडलं.

झालं असं, की मोठ्या बाई वर्गातल्या कपाटामागे कसल्याशा तक्त्यांचं माप घेत होत्या. त्या आत आहेत हे कुणाला ठाऊक नव्हतं. छकुलीने नेमाप्रमाणे दार ओढलं, कुलूप घातलं, ओढून पाहिलं, "झालं" म्हणाली आणि त्या दिवशी किल्ली घेऊनच घरी गेली. बाईंचा फोन कार्यालयात. गाड्या गेल्या, शिक्षिका गेल्या, झाडणाऱ्या मावशी नेमक्या रजेवर. ताई आपली खोली आवरून निघाल्या होत्या, तर व्हरांड्यात कुठूनसा धबधब आवाज.

"कोण आहे?"

"मी आहे! आणि तुमच्या त्या पोरीला म्हणावं, कुलूप फार छान लागलंय!"

दुसरी किल्ली सापडेपर्यंत खिडकीच्या गजांतून बाईंना चहा द्यावा लागला. आत बसल्या बसल्या त्यांनी मुलांच्या मण्यांचे सगळे डबे रंगांप्रमाणे लावून टाकले होते. बाहेर आल्यावर त्या आधी चिडल्या, मग घाम पुसता पुसता हसायला लागल्या, आणि हसता हसता पुन्हा गंभीर झाल्या. "हे गमतीचं नाही, खिडकीताई. उद्या आत एखादं मूल राहिलं तर?"

बोलणं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी सगळे बसले. कुणी म्हणालं किल्ली काढून घ्या, कुणी म्हणालं कुलूपच नको.

"किल्ली काढून घेतली तर आपण पुन्हा पहिल्या जागी," ताई म्हणाल्या. "तिला कुलूप लावता येतं. आत बघून लावायचं असतं हे तिला कुणी शिकवलं नाही. ते शिकवू या. तोवर किल्ली वर्गशिक्षिकेकडे राहू दे, आणि आत नजर टाकायची जबाबदारी माझी."

शिकवायची पद्धत साधीच होती. दार ओढण्याआधी दारावर टकटक करायची, "कोण आहे?" म्हणायचं, थांबायचं, आत जाऊन बघायचं, मग कुलूप. चार चित्रं काढून ती चौकटीवर चिकटवली. पण छकुलीला चित्रांत रस नव्हता. टकटक आवडली, प्रश्न विचारायला तोंड उघडेना. आणि आत कुणी नसताना आत बघायचं कशाला, हेही तिला पटेना.

"मग कुणीतरी असायला हवं आत," वर्गशिक्षिका एकदम म्हणाली. अलीकडे ती स्वतःहून काही सुचवत नसे, म्हणून ताईंनी चमकून तिच्याकडे बघितलं.

मग काय, सगळ्या वर्गाला खेळच मिळाला. रोज कुणीतरी आत लपायचं. कधी टेबलाखाली, कधी पडद्यामागे. लपणाऱ्या पोरांना हसू आवरायचं नाही, ती आधीच सापडायची. छकुली एकेकाला दंडाला धरून बाहेर आणून उभी करायची, मेंढरं मोजल्यासारखी. एकदा तर मावशीही हौसेने लपल्या आणि गुडघा अडकून टेबलाखालीच राहिल्या. छकुलीने टेबलच उचललं. पण तोंडातून शब्द काही येईना. ताई म्हणायच्या, येईल तेव्हा येईल.

सुट्टी जवळ आली होती. त्या दुपारी लपायची पाळी वर्गशिक्षिकेची होती. ती कपाटाच्या मागे उभी राहिली. तिचा हात बरा झाला होता, पण छकुली जवळ आली की तो हात अजून आपोआप पाठीमागे जायचा, हे ताईंनी कितीदा पाहिलं होतं. मुलं बाहेर रांगेत उभी. छकुलीने टकटक केली. थांबली. मान तिरपी केली. आणि घोगऱ्या, न वापरलेल्या आवाजात म्हणाली, "कोन आए?"

रांगेतली पोरं माना उंचावून दाराकडे बघायला लागली.

मग कपाटामागून आवाज आला, जरा कापरा. "मी आहे गं. मी आहे."

छकुली आत गेली. ताई दारातून बघत होत्या. तिने कपाटामागे हात घातला आणि बाईंचा हात धरला. तोच हात. ताई एक पाऊल पुढे सरकल्या. पण छकुलीने तो ओढला नाही. काचेचं भांडं आणावं तसा धरून ती बाईंना बाहेर घेऊन आली, रांगेच्या शेवटी उभं केलं, त्यांच्या खांद्यावर तळहात टेकवून बघितला, आणि मग दार लावायला गेली.

वर्गशिक्षिकेचे डोळे वाहत होते. एका पोराने तिला विचारलं, "बाई, तुम्हाला लागलं?" ती मान हलवत नाही नाही म्हणत राहिली.

गाडी गेल्यावर ती ताईंच्या खोलीत येऊन बसली. वाळूची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. मग म्हणाली, "सुट्टीनंतर छकुलीला पैसे ओळखायला शिकवायचं का हो? नाणी तिला आवडतील. गोल आहेत ना."

"शिकव की," ताई म्हणाल्या. ही सुट्टीनंतर परत येणार, मुख्याध्यापिकांशी आता काही बोलावं लागणार नाही, हे त्यांना समजलं, आणि त्यांनी चहा मागवला.

पुढे सगळंच सरळ झालं असं नाही. छकुलीचे वाईट दिवस येतच राहिले. कधी दात दुखायचा, कधी वडील ट्रक घेऊन निघाले की ती दोन दिवस कुणाकडे बघायची नाही. एकदा रागाच्या भरात तिने किल्ली गटारात टाकली आणि मग स्वतःच हमसून हमसून रडली. पण तिला अर्ध्या दिवसाने घरी धाडायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. सोळाव्या वर्षी ती शाळेच्या कामशाळेत गेली. तिथे चादरी आणि टॉवेल घडी करून बांधायचे असतात. तिच्या घड्यांना कोपऱ्याला कोपरा असा लागतो की आईच्या इस्पितळातूनच कामशाळेला काम येऊ लागलं. आजोबांना दुपारची डुलकी काढायला मिळू लागली. ताईंना ते भेटले की सांगतात, "म्हातारपणी झोपायला शिकतोय, बघा."

खिडकीताईंना मधे विभागाच्या कचेरीत मोठ्या जागेवर बोलावणं आलं होतं. बऱ्याच शाळांवर देखरेख करायची, फिरायला गाडी मिळायची. त्यांनी रात्रभर विचार केला असं त्या सांगतात, पण यजमान म्हणतात, ती पडल्या पडल्या घोरायला लागली. सकाळी त्यांनी नाही म्हणून कळवलं. सासूबाई आता कानांनी जड झाल्यात. त्यांना वाटलं सून नोकरीच सोडतेय, म्हणून त्या शेजारणीला सांगून आल्या, "बरं झालं बाई, आता घरात माझ्याशी बोलायला कुणीतरी असेल." तो गैरसमज निस्तरताना पुरे झालं. त्यापायी आता सुट्टीच्या दिवशी दुपारी ताई त्यांच्याजवळ बसून कानाशी तोंड नेऊन शाळेतल्या गमती सांगतात. सासूबाई मधेमधे "हं?" करतात.

वर्गशिक्षिकेनेही गेल्या वर्षी समुपदेशनाच्या अभ्यासक्रमात नाव घातलं. आठवड्यातून एक दिवस ती ताईंच्या खोलीत त्यांच्या शेजारी बसते. परवा दोघी मिळून सतरंजी उन्हात टाकत होत्या, तेवढ्यात लहान गटातून निरोप आला की एक नवीन मूल टेबलाखाली जाऊन बसलंय, बाहेर येत नाही आणि कुणाला जवळ येऊ देत नाही.

"काय करायचं, ताई?" तिने विचारलं.

"मला तरी काय ठाऊक? मी अजून पाहिलंही नाही त्याला," ताई म्हणाल्या, हात झटकले आणि निघाल्या.

वर्गात पोचल्यावर त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. गुडघे दुखतात म्हणून आधी टेबलाचा आधार घेतला, मग हळूहळू खाली बसल्या, आडव्या झाल्या आणि टेबलाखाली डोकं घातलं. आत दोन मोठे डोळे. ताई तशाच पडून राहिल्या. टेबलाची खालची बाजू त्यांनी पहिल्यांदाच बघितली होती. तिथे कुणीतरी कधीतरी पेन्सिलीने एक मासा काढून ठेवला होता.

"अय्या," त्या हळूच म्हणाल्या, "मासा!"

त्या मुलाने वर बघितलं.